जास्वंदीची गळती

आदरणीय ताई,

नमस्कार. आपला गुडघा बरा असेल अशी आशा करतो. (आजवर मी पत्रात 'आपली प्रकृती बरी असेल' असं लिहीत आलो. पण मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "प्रकृतीला काय धाड भरलीय, गुडघ्याचं विचारा," म्हणून या वेळी थेट गुडघ्याचंच विचारतो आहे.) माझं ठीक चाललं आहे. जेवण वेळेवर होतं, कपडे धुतले जातात, दाराला कडी लावूनच झोपतो. तुमची धाकटी बहीण जाऊन आता पाचवा महिना लागला. या काळात तुम्ही जे जे विचारलंत त्याला मी 'ठीक आहे' एवढंच उत्तर दिलं, ही तुमची तक्रार रास्त आहे. "अहो पाणीवाले, फोन धरलाय की कोरडा नळ?" असं तुम्ही ओरडून विचारलंत, तेव्हाही मी 'ठीक आहे' असंच म्हणालो, हे फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. समोरासमोर किंवा फोनवर मला सुचत नाही. कागदावर थोडं सुचतं, कारण कागद मध्येच 'बोला की' म्हणत नाही. तेव्हा हे पत्र लांबणार आहे. चष्मा घेऊन बसावं.

निघताना दारात उभं राहून तुम्ही मला म्हणाला होतात, "तिच्या वस्तूंचं काय करायचं ते करा, मला त्यातलं काही नको. गॅलरीतली तिची जास्वंद तेवढी जगवा." त्यानंतर प्रत्येक फोनच्या शेवटी तुम्ही जास्वंदीची चौकशी केलीत. जास्वंदीबद्दल खाली सविस्तर लिहितो. आधी गुडघ्याबद्दल.

गुडघा हा बिजागरीचा सांधा आहे. म्हणजे तो दारासारखा एकाच दिशेने मिटतो आणि उघडतो. (खांद्याचा सांधा उखळीचा. तो चौफेर फिरतो, म्हणून हात पाठीमागेही नेता येतो, गुडघा तसा वळवता येत नाही.) हाडांच्या टोकांवर कूर्चा नावाचं गुळगुळीत अस्तर असतं आणि मध्ये वंगणासारखा द्रव असतो. तुमचं अस्तर झिजलं असावं. हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल, पण त्यांनी दाराचं उदाहरण दिलं नसेल म्हणून लिहिलं. आमच्या जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत आणि भिंतीच्या बाजूला धरायला काही नाही, हे तुम्ही गेल्या वेळी प्रत्येक पायरीवर थांबून म्हणाला होतात. त्यामुळे इतक्यात येणं जमणार नाही हे मी समजू शकतो.

तुम्ही म्हणाल, पाणीवाल्याला कूर्चा कुठून माहीत? तर ताई, मी सध्या नववीत आहे.

झालं असं की तुमच्या बहिणीने शाळेतला सूक्ष्मदर्शक घरी आणून ठेवला होता. त्याचा आरसा सैल झाला होता, आणि शाळेकडून दुरुस्ती व्हायची वाट पाहिली तर मुलं दहावी होऊन जातील असं तिचं म्हणणं होतं. ती आजारी पडली आणि तो कपाटावर तसाच राहिला. मी त्याचा स्क्रू आवळला, भिंगं पुसली आणि शाळेत परत करायला गेलो. देऊन लगेच निघायचा विचार होता. पण मुख्याध्यापिकांनी बसवून घेतलं, चहा मागवला आणि चहा येईपर्यंत माझ्याकडे फार दयेने पाहिलं. (ज्याच्या घरचं माणूस गेलं आहे त्याच्याकडे लोक असं पाहतात की आपण काहीतरी सांडलं आहे असं वाटतं.) तेवढ्यात शेजारच्या वर्गातून आरडाओरडा सुरू झाला. जीवशास्त्राचा तास होता आणि जीवशास्त्राला कोणी नव्हतं, कारण नव्या शिक्षकाची नेमणूक वरून यायची होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुम्ही जरा वर्गात जाऊन नुसतं उभं राहा, बोलायची काही गरज नाही. ही अट मला मान्य होण्यासारखी होती.

मी जाऊन उभा राहिलो. मुलं गप्प झाली आणि माझ्याकडे पाहू लागली. मीही त्यांच्याकडे पाहिलं. मग एकाने विचारलं, "सर, तुम्ही जीवशास्त्राचे का?" मी म्हणालो, "नाही, पाण्याचा." यावर वर्ग हसला. का हसला ते मला कळलं नाही, कारण पाणीपुरवठा खात्यात मी नोकरीभर गळती शोधायचं काम केलं आणि त्यात हसण्यासारखं काही नसतं. मी नजर चुकवायला भिंतीकडे पाहिलं तर तिथे हृदयाचा मोठा तक्ता लावलेला. तो मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला, आणि ताई, मला राहवलं नाही. एका डब्यात दोन पंप! उजवीकडचा कमी दाबाचा, तो रक्त जवळच फुप्फुसांकडे पाठवतो. डावीकडचा जास्त दाबाचा, जाड भिंतीचा, तो सगळ्या गावाला पुरवतो. आणि मध्ये झडपा, अगदी आमच्यासारख्या, पाणी एकदा पुढे गेलं की मागे येऊ द्यायचं नाही. पायांतल्या शिरांमध्येसुद्धा झडपा आहेत, चढाच्या लाइनवर आम्ही बसवतो तशा. मी खडू घेतला. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा फळा भरला होता आणि माझा चहा बाहेर थंड झाला होता. ती गेल्यापासून तोवर मी एकूण जितकं बोललो नसेन तितकं त्या तासाला बोललो.

मी तेवढ्यावर निघून आलो असतो तर आज जास्वंदीबद्दल एका ओळीत लिहिता आलं असतं. पण मागच्या बाकावर एक मुलगी आहे. तिला तुमची बहीण 'प्रश्नपत्रिका' म्हणायची, म्हणून सगळी शाळा तिला तेच म्हणते. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, झाडाला हृदय नसतं. मग फाटकाजवळच्या त्या उंच झाडाच्या शेंड्याला पाणी कोण चढवतं?"

मी खिडकीतून त्या झाडाकडे पाहिलं. ते शाळेच्या गच्चीच्याही वर गेलेलं आहे. आमच्या खात्यात तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवायचं म्हटलं तरी मोटर लागते, मोटरला वीज लागते, आणि वीज गेली की लोक आमच्या कचेरीत येऊन टेबल बडवतात. हे झाड रोज चढवत होतं, आवाज न करता. रोज त्या फाटकातून मी तुमच्या बहिणीला सोडायला जायचो, त्याच झाडाखाली तिची वाट पाहत उभा राहायचो. हा प्रश्न मला एकदाही पडला नाही याचं मला फार नवल वाटलं. आणि घरात उत्तर देणारं माणूस होतं! आमच्या घरी दोन खाती होती ताई, एक पाण्याचं आणि एक जिवाचं, आणि या दोन खात्यांचं बोलणं सगळं दूध आणलं का आणि गॅस बंद केला का यावर झालं. मी म्हणालो, "उद्या सांगतो." दाराबाहेर मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्यांनी तो 'उद्या' ऐकला आणि पकडला. तेव्हापासून मी रोज जातो.

घरी तिचं नववीचं पुस्तक होतं. मी रोज एकच पान वाचायचं ठरवलं, उद्या वर्गात जेवढं लागेल तेवढंच. तुम्ही म्हणाल, एकदम का नाही वाचून टाकलं? तर संध्याकाळ मोठी असते आणि पुस्तक लहान आहे. (याच शिस्तीने पुढे घात केला. ते खाली येईलच.)

पेशी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत घोकलेलं होतं. पण पाहिली कधी नव्हती. मुलांसमोर मी चमच्याच्या मागच्या टोकाने स्वतःच्या गालाचं आतलं अस्तर जरा खरवडलं, काचेवर पसरलं, वर निळं रंगद्रव्य टाकलं आणि दुरुस्त केलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फरशीचे वेडेवाकडे तुकडे पसरल्यासारखं दिसलं आणि प्रत्येक तुकड्यात एक गडद ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक, पेशीची कचेरी. मला हलताच येईना. मागे रांग लागली. प्रश्नपत्रिका म्हणाली, "सर, तोंडात एवढी मंडळी असून तुम्ही इतके गप्प कसे?" कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी याहून नीटनेटक्या, विटा रचल्यासारख्या, कारण वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भिंत असते आणि प्राण्याच्या पेशीला नुसतं पातळ पटल. हे मी खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना सांगितलं तर त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "असं का? मला वाटलं तुमच्या पेशींनाही भिंतीच असतील, भाऊ."

या बाई तुम्हाला आठवत असतील. तुम्ही इथे होतात तेव्हा दोन वेळचं जेवण त्याच वर आणून द्यायच्या आणि तुमच्याशी पायांच्या दुखण्यावर बोलायच्या. त्यांचं आणि माझं पहिलं भांडण धुळीवरून झालं. पुस्तकात एक चौकट आहे. आपल्या त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी मेलेल्या असतात, त्या सतत गळत असतात, आणि घरातल्या धुळीत काही भाग त्यांचाच असतो. हे वाचल्यावर मी झाडू ठेवून दिला. तिच्या टेबलावर, पुस्तकांच्या फळीवर, आरशाच्या चौकटीवर जी धूळ होती ती तशीच राहू दिली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एक दिवस बाई भाजी द्यायला वर आल्या आणि शिंकायला लागल्या. त्यांनी विचारलं, हे काय चालवलंय? मी त्यांना चौकट वाचून दाखवली. त्यांनी पदराने नाक पुसलं. मग म्हणाल्या, "भाऊ, त्यांना धूळ खपत नव्हती. स्वतःची असली तरी खपली नसती." हे खरं होतं. मी झाडू काढला. (दुसऱ्या एका चौकटीत आहे की रक्तातली लाल पेशी सुमारे चार महिने जगते. म्हणजे आज माझ्या अंगात जे रक्त फिरतं आहे त्यातली तांबडी पेशी एकही अशी उरली नसेल की जी तिच्याबरोबर या घरात राहिली. मेंदूतल्या चेतापेशी मात्र बहुतेक जन्मभर त्याच राहतात. हे वाचून बरं वाटलं. हे मी वर्गात सांगितलं नाही, परीक्षेला येण्यासारखं नव्हतं.)

आता पाणी चढण्याचा प्रश्न. पुस्तकात तोवर एवढंच आलं होतं की मुळांना केसांसारखे मूलरोम असतात, ते मातीतलं पाणी ओढतात, आणि खोडात जलवाहिन्या नावाच्या बारीक नळ्या असतात. पंपाचा पत्ता नाही. आमच्या खात्यात पुरलेल्या पाइपातली गळती शोधायला लोखंडी सळई असते. एक टोक पाइपवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि आत पाणी काय करतं आहे ते ऐकायचं. मी निवृत्त होताना ती मला भेट मिळाली. (बाकीच्यांना घड्याळ देतात.) ती मी माळ्यावरून काढली, गॅलरीत गेलो, एक टोक जास्वंदीच्या खोडाला लावलं आणि दुसरं कानाला. बराच वेळ काही नाही. मग श्वास रोखल्यावर आलं. धप. धप. धप. अगदी नियमित. ताई, मला झाडाचा पंप सापडला होता! समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी मला तासभर कुंडीशी वाकून झाडाचं गुपित ऐकताना पाहिलं आणि त्या दिवसापासून त्या आपल्या मुलांना आमच्या जिन्यात खेळायला पाठवत नाहीत.

मी सळई घेऊन वर्गात गेलो. शोध जाहीर केला. एकेकाला फाटकाजवळच्या झाडाशी नेऊन ऐकवलं आणि प्रत्येकाला धप धप ऐकू आलं. मुख्याध्यापिकांनीही ऐकलं. प्रश्नपत्रिकेने सर्वांत शेवटी ऐकलं, जरा विचार केला आणि सळई वर्गातल्या टेबलाला लावली. टेबलही धप धप करत होतं. फळा करत होता. फाटक करत होतं. ती म्हणाली, "सर, हे आपल्याच कानातले ठोके आहेत." इतकी वर्षं मी त्या सळईने गावाचं पाणी ऐकलं, त्यात माझं स्वतःचं किती असेल देव जाणे.

तरी मी हटलो नाही. दुसऱ्या दिवसाच्या पानावर प्रयोग होता. कुंडीतल्या झाडाच्या फांदीवर प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालून तोंड दोऱ्याने घट्ट बांधा, कुंडी उन्हात ठेवा, काही वेळाने पिशवीच्या आतून काय दिसतं त्याचं निरीक्षण करा. मी जास्वंदीची सगळ्यांत भरदार फांदी निवडली. दुपारी पाहिलं तर पिशवी आतून पाण्याच्या थेंबांनी भरलेली. पानांच्या खालच्या बाजूला पर्णरंध्रं नावाची असंख्य बारीक छिद्रं असतात, त्यातून ते बाहेर आलं होतं. आणि पानाच्या तळाशी ओळ होती की झाड जेवढं पाणी शोषतं त्यातलं बहुतेक सगळं असंच हवेत सोडून देतं. तिथे पान संपलं.

ताई, ज्या माणसाने आयुष्यभर गळत्या बुजवल्या, त्याला ही ओळ वाचून काय वाटलं असेल याची कल्पना करा. आमच्या खात्यात पाचव्या हिश्शाची गळती निघाली की वरून खुलासा मागवतात. इथे जवळजवळ सगळंच गळत होतं! मूळ बिचारं मातीत चाचपडून थेंब थेंब गोळा करतं आणि वरची पानं उधळपट्टी करतात. तुम्ही जगवायला सांगितलेलं झाड माझ्या डोळ्यांदेखत वाहून चाललं होतं आणि मी रोज एक तांब्या पाणी घालून समाधानी होतो. पुढचं पान उलटायचं मनात आलं नाही. ते पुढच्या तासाचं होतं, आणि उद्यापासून शाळेला मोठी सुट्टी लागत होती. मी आत गेलो. तिच्या फळीवर व्हॅसलीनची बरणी होती, टाचांना लावायची. आत एका बाजूला तिच्या बोटाचा खळगा होता. मी दुसऱ्या बाजूने घेतलं आणि एकेक पान हातात धरून, खालून वरून, कडेपर्यंत, नीट लावलं. संध्याकाळपर्यंत एकही छिद्र उघडं ठेवलं नाही.

पहिले काही दिवस जास्वंद अशी चकाकत होती की काय सांगू, आखाड्यात उतरलेल्या पैलवानासारखी. तुम्ही त्याच आठवड्यात फोन केलात आणि मी म्हणालो ठीक आहे. तेव्हा ते खरंच होतं.

मग कुंडीतली माती वाळेनाशी झाली. मी नेहमीइतकंच पाणी घालत होतो, पण झाड ते घेत नव्हतं. गळती एका जागी बुजवली की दाब दुसरीकडे फुटतो, हे मी किती शिकाऊ कामगारांना शिकवलं असेन. कुंडीच्या तळातून पाणी निघालं, गॅलरीच्या कडेने खाली उतरलं आणि शिवणकामवाल्या बाईंच्या खिडकीतून एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर पडलं. तो कोट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. बाई वर आल्या त्या कोट घेऊनच. पण गॅलरीत येऊन त्यांनी जास्वंद पाहिली आणि कोट विसरल्या. बुंध्याजवळची पानं पिवळी पडली होती आणि त्या उभ्या असतानाच एक खाली गळलं. त्यांनी ते उचललं, बोटांनी चोळलं, वास घेतला. "हिला काय लावलंत तुम्ही?"

मी सांगितलं. त्यांनी बोटं कुंडीच्या कडेला पुसली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी संपून शाळा उघडली. आदल्या संध्याकाळी कोटाच्या गडबडीत पुढचं पान वाचायचं राहिलं होतं, ते वर्गातच उघडलं. मी मुलांना मोठ्याने वाचायला लावतो, तसं प्रश्नपत्रिकेला वाचायला लावलं. पर्णरंध्रांतून पाणी बाहेर पडतं, त्याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. वर पाणी बाहेर पडतं म्हणून पानात ओढ निर्माण होते, ती ओढ जलवाहिन्यांतल्या अखंड पाण्याच्या धाग्यातून खाली मुळापर्यंत पोचते आणि सगळं पाणी वर खेचलं जातं. याच छिद्रांतून झाड हवाही घेतं, त्यावरच त्याचं अन्न तयार होतं. म्हणजे ती गळती हाच पंप होता, ताई! मी पंप शोधत शोधत तोच बुजवला होता. मी पुस्तक मिटलं आणि मुलांना खरं ते सांगितलं. वर्ग हसून लोळला. कोणीतरी मागून म्हणालं, "सरांनी झाडाचं नाक दाबलं!" मी म्हणालो, "झाड तुमच्या बाईंचं होतं." मग कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने प्रश्नपत्रिका म्हणाली, "सर, साबणाच्या पाण्याने धुऊन बघा. कोमट घ्या."

मी घरी आलो, बादलीत कोमट पाणी केलं आणि गॅलरीत स्टुलावर बसून एकेक पान मऊ फडक्याने धुवायला लागलो. अर्धी पानं हातातच सुटून येत होती. वरच्या बाजूने हात हलका ठेवावा लागतो, खालच्या बाजूने शिरा उठून असतात, त्या धरून पुसावं लागतं. इतक्या जवळून मी कोणाची सेवा केलेली नव्हती. ती आजारी होती तेव्हा सगळं तुम्हीच केलंत, मी औषधं आणायचो आणि दारात उभा राहायचो. मधेच माझ्या डोळ्यात साबण गेला. डोळ्याच्या वरच्या अंगाला अश्रुग्रंथी असते, डोळ्यात काही गेलं की ती पाणी सोडून ते धुऊन टाकते, हे पुस्तकात आहे. साबण केव्हाच धुऊन निघाला तरी ती थांबत का नव्हती, याबद्दल पुस्तकात काही नाही, मी नंतर पुढचीही पानं पाहिली. शिवणकामवाल्या बाई कोट इस्त्री करून झाल्याचं सांगायला वर आल्या होत्या. मला वाटलं, आता या म्हणणार, पुरुषमाणसाने असं करू नये, किंवा म्हणणार, रडा रडा, मोकळं व्हा. (दोन्ही गोष्टी मला आजवर पुष्कळांनी सांगितल्या आहेत, आणि दोन्ही वेळा मी 'ठीक आहे' म्हणालो आहे.) त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी व्हॅसलीनची बरणी उचलली, झाकण घट्ट लावलं आणि ती घेऊन निघाल्या. दारातून म्हणाल्या, "आता ही मी खाली ठेवते. तुमचा काही भरवसा नाही."

तर ताई, जास्वंदीची आजची स्थिती अशी की तिच्यावर एकही पान नाही. कुंडीत काठ्या आहेत. झाड जिवंत आहे की नाही हे ओळखायची खूण म्हणजे सालीला नखाने जरासं खरवडायचं. खाली हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर नाही. मी रोज सकाळी गॅलरीत जातो, नख टेकवतो आणि परत येतो. गाल खरवडला, ही साल खरवडत नाही. तुम्ही एकच गोष्ट सांगितली होती आणि तीच माझ्याकडून झाली नाही. रागवायचं असेल तर फोनवर रागवा, मी ऐकून घेईन. मात्र 'ठीक आहे' म्हणालो तर त्याचा अर्थ वरीलप्रमाणे समजावा.

घरातल्या लहानमोठ्यांना माझी आठवण सांगावी. गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

आपला नम्र,
पाणीवाला

ता. क. : पत्राचं मूळ काम लिहायचं राहिलं. तुमच्या अंगणातली जास्वंद ही आमच्याच कुंडीतली फांदी कापून तिने तुम्हाला दिलेली आहे. पुस्तकात असं आहे की फांदी लावून आलेलं झाड हे पहिल्या झाडाचं मूल नव्हे, वाढायची जागा बदलली तरी ते तेच झाड असतं. म्हणजे तुमच्याकडे आहे ती तिचीच. तिची एक फांदी द्यावी, ही विनंती. (तुम्हाला न कळवता रोपवाटिकेतून तसलीच आणून लावावी असं आधी मनात आलं होतं. शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, ताई फूल पाहताक्षणी ओळखतील आणि तुम्हाला गॅलरीतून खाली टाकतील.) फांदी पोस्टाने पाठवू नये, वाटेत सुकते. ओल्या फडक्यात गुंडाळून कोणीतरी हातात घेऊनच आणावी लागते.

ता. क. दुसरा : पाकीट बंद करायला डिंक मागायला खाली गेलो, तर बाईंनी पत्रात काय लिहिलंय ते विचारलं. नख टेकवून परत येण्याबद्दल सांगितलं. त्या तशाच वर आल्या आणि मी 'थांबा' म्हणायच्या आत अंगठ्याच्या नखाने साल काढली. हिरवं आहे. अगदी ओलं हिरवं आहे ताई. मग मी स्वतः दुसऱ्या काठीवर पाहिलं, तीही हिरवी आहे. तेव्हा वरच्या विनंतीची तशी गरज उरलेली नाही.

ता. क. तिसरा : तरी फांदी आणावी. जिन्याला भिंतीच्या बाजूने कठडा बसवून घेतला आहे. उंचीचा अंदाज घ्यावा लागला नाही, शेवटी शेवटी ती चढताना जिथे हात टेकायची तिथे भिंतीवर डागांची रेघ आहे, तिच्या जरा वर बसवला, म्हणजे रेघ झाकली जात नाही आणि तुमची दोघींची उंची एकच. कठडा जास्वंद धडधाकट होती तेव्हाच बसवला होता. फोनवर सांगायचं राहून गेलं.